मला जर्मन येत नाही

कोल्हापूर, २२ ऑगस्ट

उदयसिंह,

वर 'प्रिय' लिहायचं की नाही यात थोडा वेळ गेला, मग सोडून दिलं. तुम्ही मला ब्लॉक केलंय हे मी घरी सांगितलेलं नाही. पोस्टात ब्लॉक करायची सोय नसते, म्हणून पत्र लिहितेय. वाचलं तर वाचा. पत्ता बरोबर आहे एवढं मला ठाऊक आहे, त्या दारावर चौदा महिने माझंही नाव होतं.

आज मी कॉलेजात जर्मनचा कोरा पेपर दिला.

तुमच्यासाठीच दिला, म्हणून सविस्तर सांगते. लग्नाच्या गडबडीत मी बी.एस्सी. शेवटच्या वर्षात सोडली होती. आता केमिस्ट्रीचे राहिलेले पेपर देतेय. पण मधल्या काळात कॉलेजानं नवा नियम काढला. एक परदेशी भाषा शिकल्याशिवाय पदवी द्यायची नाही. जर्मन किंवा जपानी, तीन लेव्हल, एकेका लेव्हलला एक सत्र, म्हणजे दीड वर्ष. ज्याला भाषा आधीच येते त्यानं प्लेसमेंट टेस्ट द्यायची. त्यात पास झालं की तिन्ही लेव्हलचे क्रेडिट एकदम मिळतात आणि वर्गात बसावं लागत नाही.

पेपर सोपा होता. डॉक्टरांची वेळ कशी घ्याल, गाडी चुकली तर काय कराल, असलं. मी नाव घातलं, आसन क्रमांक घातला आणि वेळ संपेपर्यंत पंख्याकडं बघत बसले.

हे घरात आधीच ठरलं होतं. आप्पा, आई, आणि शिरोळहून फोनवर तुमच्या आई, असं तिघांनी ठरवलं. तुमच्या बहिणीचं, राजनंदिनीचं, लग्न डिसेंबरात आहे. ते होईपर्यंत आपलं मोडलंय हे कुणाला कळता कामा नये, हे तुम्ही मला विमानतळावर सांगितलं होतं आणि मी मान हलवली होती. पण पोरगी एवढे दिवस माहेरी दिसली की लोक विचारणारच. मग आईला हा नियम सापडला आणि तिचा जीव भांड्यात पडला. आता आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की तेजस्वी जर्मन शिकायला आलीय, कोर्स झाला की जाणार. जर्मन शिकायला जर्मनीहून कोल्हापूरला कशाला यायचं, हे अजून एकानंही विचारलेलं नाही. आई म्हणते, "डिग्रीबी व्हतीया की बरोबरच."

तर असं आहे. कोर्स चालू आहे तोवर माझं लग्न चालू आहे. म्हणून मला जर्मन येत नाही.

मला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि झोपले.

तेजस्वी

कोल्हापूर, २० सप्टेंबर

उदयसिंह,

आ, बे, त्से, दे. आम्ही अजून तिथंच आहोत. वर्गात सगळी अठरा-एकोणीसची पोरं आहेत. माझ्या बाकावर गडहिंग्लजचा सम्राट नावाचा मुलगा बसतो. तो मला उच्चार शिकवतो. काल म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका. जमालंय की हळूहळू. तुमचं वयबी झालंय नव्हं थोडं." मी चोवीस वर्षांची आहे. मी म्हटलं, व्हय बाबा.

मुद्दाम चुकायला फार लक्ष द्यावं लागतं. सगळंच चुकलं तर संशय येतो आणि बरोबर आलं तर पंचाईत. म्हणून मी थोडं बरोबर लिहिते, थोडं चुकवते. शिकवायला निशा मॅडम आहेत. मूळच्या इकडच्याच, पुण्यात जर्मन शिकल्या. बोलायला फटकळ आहेत, पण शिकवतात चांगलं. मी चुकले की त्या माझ्याकडं जरा जास्त वेळ बघतात असं मला वाटतं.

आमच्याकडं गणपती बसलेत. परवा आरतीला शेजारच्या काकू म्हणाल्या, "जावयास्नी व्हिडिओ कॉल लाव की गं, आरती दाखवूया." मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "तिकडं आता मध्यरात हाय." काकू म्हणाल्या, "व्हय, लांब हाय नव्हं." संध्याकाळचे साडेसात झाले होते. तुमच्याकडं दुपारचे चार वाजले असतील.

आईची गोष्ट रोज थोडी वाढते. आता म्हणे तुम्हीच मला सांगितलंय की पक्की शिकून ये, मग तुला इथं नोकरीला लावतो. माझ्या आठवणीनं तुम्ही जेवत नाही असंही तिनं दूधवाल्याला सांगितलं. तुम्ही फार समजूतदार झाला आहात. मला हा उदयसिंह आवडायला लागलाय.

आप्पांचं वेगळंच. दुकानातून येतात, माझ्या खोलीचा दिवा चालू आहे का बघतात आणि जातात. मी गेले तेव्हा त्यांच्या मित्रांनी चौकात माझा फ्लेक्स लावला होता, 'जर्मनीस रवाना' म्हणून. आप्पा दोन दिवस त्या चौकातून विनाकारण फिरत होते, असं आईनं मला आत्ता सांगितलं.

राजनंदिनीच्या साड्या घ्यायला तुमच्या आईंनी मला बोलावलं होतं. क्लास आहे म्हणून कळवलं.

तेजस्वी

कोल्हापूर, १६ ऑक्टोबर

उदयसिंह,

मी सापडले.

मंगळवारी वर्ग सुटताना निशा मॅडम दारात उभं राहून पुण्याच्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होत्या. सराव राहावा म्हणून त्या दोघी जर्मनमध्येच बोलतात. मॅडम तिला सांगत होत्या की उद्या भावाला मुलगी बघायला जायचंय, वर्ग घेणार नाही, पोरांना सकाळी कळवीन. मी वही पिशवीत घालत होते. घरी आले. बुधवारी गेलेच नाही. सकाळी त्या ग्रुपवर कळवायला विसरल्या. सगळा वर्ग येऊन बसला होता, एकटी मी सोडून.

पोरांकडून हे कळल्यावर गुरुवारी त्यांनी मला थांबवलं. "काल का आली नाहीस?"

"बरं नव्हतं मॅडम."

"वर्ग नाही हे तुला कुणी सांगितलं?"

मी पिशवी उचलली. मग त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, खुर्ची ओढ आणि बस. मी खुर्ची ओढली आणि बसले. बसल्यावर लक्षात आलं. त्या हसल्या नाहीत. "आता सांग बाई, हे सोंग कशाला?"

मी खरं सांगितलं नाही. घरची अडचण आहे एवढंच म्हटलं. त्यांनीही खोदून विचारलं नाही. म्हणाल्या, "अडचण तुझी तुला ठाऊक. पण एक ऐक. जानेवारीत अजून एकदा टेस्ट आहे. त्यानंतर लेव्हल टूला तुझं नाव लागलं की टेस्टचा रस्ता बंद. मग पुढचं अख्खं वर्ष इथं बसायचं आणि मग डिग्री. बस बापडी."

आता दुसरी गोष्ट सांगते, म्हणजे तुम्हाला पूर्ण कळेल. आईचे चुलतभाऊ बाळासो मामा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत. पुढच्या हंगामासाठी तिथं केमिस्टची जागा निघतेय, जूनमध्ये भरणार. मामा परवा येऊन म्हणाले, "पोरी, जूनला डिग्रीचा कागद हातात पायजे, बाकीचं तुझ्या हिमतीवर. मुलाखत काय अवघड नसती." रसातली साखर मोजायची, दर तासाला नमुने घ्यायचे, असं काम असतं. मी त्यांना बरंच काही विचारलं. किती वर्षांनी कुणाला काहीतरी विचारत होते.

आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आरं बाळासो, ती जाणार हाय की तिकडं. हिकडली नोकरी काय करायची?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी बशी बघत होते. मामा म्हणाले, "तेबी खरंच."

डिसेंबरात राजनंदिनीचं लग्न झालं की मी मोकळी होईन. जानेवारीत टेस्ट देईन. बसतंय सगळं बरोबर.

तेजस्वी

कोल्हापूर, ६ डिसेंबर

उदयसिंह,

तुम्हाला कळलंच असेल. राजनंदिनीच्या होणाऱ्या नवऱ्याची आजी वारली. लग्न आता मे महिन्यात.

तुमच्या आई काल आमच्याकडं आल्या होत्या. माझ्यासाठी लग्नाची साडी घेऊन आल्या, मोरपंखी, बऱ्यापैकी भारी आहे. आईनं त्यांना वर बसवलं. त्या माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तेजू, एवढं काढलंस, आणि थोडं. मेपर्यंत. त्या लोकांस्नी कळलं तर म्हणतील ह्यांच्या घरात सून टिकत न्हाय, आपली लेक कशी टिकंल. तुझ्या पाया पडते बघ."

त्या खरोखरच वाकायला लागल्या म्हणून मी त्यांना धरलं. मी म्हटलं, आई, जानेवारीत माझी परीक्षा आहे. माझी आई लगेच म्हणाली, "न्हाय देणार ती. क्लास चालूच ऱ्हाणार हाय, ईनबाई. काळजी करू नगा."

दोघींनी मला न विचारताच ठरवलं. तसं ते नेहमीच ठरतं, त्याचं नवल नाही. नवल याचं की मला राग आला नाही. मी राग शोधत होते. जिभेवर चटका बसला की दोन दिवस कशाची चव लागत नाही, तसं झालंय मला, आणि हे काही दोन दिवसांचं नाही.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही, ती सांगते. व्हिसासाठी मी पहिली परीक्षा दिली होती, तेवढीच माझी जर्मन, असं तुम्ही धरून चालला होता. पण तिथं संध्याकाळचा फुकट वर्ग असायचा, तो मी वर्षभर केला. तुम्ही उशिरा यायचात. मी काय करते ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. एकदम चांगलं बोलून दाखवायचं असं मनात होतं. लग्नाच्या वाढदिवसाला.

त्याच्या आधी तिचे फोन यायला लागले. तुम्ही उठून दुसऱ्या खोलीतसुद्धा गेला नाहीत. माझ्यासमोर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिच्याशी जर्मनमध्ये बोलायचात आणि मी शेजारी चपात्या लाटायचे. आवाज बारीक करायचीही तुम्हाला गरज वाटली नाही. तिचं नाव कळलं, तिचं घर कळलं. एकदा तिनं माझ्याबद्दल विचारलं असावं. तुम्ही म्हणालात, "इथंच आहे, पण तिला काही कळत नाही." मी चपाती उलटली.

माझं तिकीट कुठल्या दिवसाचं काढायचं तेही मी तिथंच ऐकलं. तुम्ही मला रविवारी समोर बसवून, पाणी वगैरे देऊन सांगितलंत. मला ते बुधवारपासून माहीत होतं.

मी तेव्हाच का बोलले नाही? बोलले असते तर ते खरं झालं असतं, एवढंच सुचतं. तीन महिने मी न कळल्याचं सोंग केलं. आता इथं त्याचा उपयोग होतोय, सराव झालेला आहे.

साडी कपाटात ठेवलीय.

तेजस्वी

कोल्हापूर, १० जानेवारी

उदयसिंह,

टेस्ट परवा आहे. फॉर्म मी भरलाय, घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आज राजनंदिनीला फोन केला. मला वाटलं, सगळे जिच्यासाठी गप्प आहेत तिला तरी एकदा विचारावं. तिला आपलं सगळं ठाऊक आहे, तुम्ही सांगितलंय म्हणाली. मी तिला नोकरीचं सांगितलं, टेस्टचं सांगितलं. पास झाले तर क्लास संपेल आणि लोक विचारतील कधी जाणार, आणि मला आता खोटं बोलवत नाही, हेही सांगितलं.

तिनं आधी टेस्टची तारीख विचारली. मग म्हणाली, "वहिनी, लग्नानंतर टेस्ट न्हाय का?"

"न्हाय."

"मग पुढच्या वर्षी नोकरी न्हाय का मिळणार?"

"मिळंल. न मिळंल."

"वहिनी, राग मानू नका. तुमचं जे व्हायचं ते होऊन गेलंय. माझं अजून व्हायचंय."

मी म्हटलं, बरोबर हाय तुझं. फोन ठेवला. मला ती माझ्या बाजूनं बोलेल असं वाटलं होतं, का वाटलं होतं कोण जाणे. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, कदाचित एवढं सरळ नसतं म्हटलं.

तुम्ही सोडून सगळ्यांचं काहीतरी अडकलंय. तुमच्या आईंची लेक, माझ्या आईची अब्रू, राजनंदिनीचं लग्न, माझी पदवी. तुम्हाला फक्त एक नंबर ब्लॉक करावा लागला.

मी परवा काय करणार ते मला आत्ता ठाऊक नाही. कोरा पेपर द्यायचीही सवय लागते.

तेजस्वी

कोल्हापूर, १३ जानेवारी

उदयसिंह,

काल आई माझ्याबरोबर कॉलेजात आली. संक्रांतीच्या वाणाला स्टीलच्या वाट्या घ्यायच्या होत्या, तेव्हा तुझं झालं की तसंच महाद्वार रोडला जाऊ म्हणाली. तिला वाटलं नेहमीचा क्लास आहे. मी तिला खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं.

लेखी पेपर समोर आला. मी नाव घातलं, आसन क्रमांक घातला. मग पहिला प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिलं. काही ठरवलं वगैरे नाही. हात लिहायला लागला, तो थांबवावासा वाटला नाही.

मग तोंडी. निशा मॅडम आणि पुण्याहून आलेले एक सर. खोलीत उकडत होतं म्हणून दार उघडंच होतं. सरांनी विचारलं, तुम्ही राहिलात त्या एखाद्या घराबद्दल सांगा. मी घर सांगितलं. तिसरा मजला, स्वयंपाकघराची खिडकी, टेबल. मग टेबलावर कोण बसायचं ते सांगितलं. मग फोन. मग तुम्ही काय बोलायचात ते तुमच्याच शब्दांत सांगितलं, ते मला पाठ आहे. सरांनी मला थांबवलं नाही, म्हणून मी तिकिटापर्यंत गेले आणि मग विमानतळापर्यंत. मराठीत हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मराठीत सांगितलं असतं तर समोरचं माणूस रडलं असतं आणि मलाच त्याची समजूत काढत बसावं लागलं असतं. इथं दोघं गुण द्यायला बसले होते. मॅडमनी मात्र लिहायचं सोडून दिलं होतं.

सर शेवटी म्हणाले, पुरे, आभारी आहे. मॅडम माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या. "निकाल शुक्रवारी लागेल. पण तू उद्यापासून वर्गात येऊ नकोस. पोरांचा वेळ जातो तुझ्या चुका सुधारण्यात." मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत गेल्या.

आई बाकावर बसून होती. म्हणाली, "लई येळ बोललीस गं. मी ऐकत हुते. एवढं घडाघडा? मला वाटलं पोरगी पाठांतर म्हणालीया. काय बोललीस?"

"परत जाणार न्हाय म्हणून सांगितलं."

"एवढंच सांगायला एवढा येळ?"

"का जाणार न्हाय तेबी सांगितलं."

आईनं पिशवी बाजूला ठेवली. "मग मला सांग."

तिथंच, कॉलेजच्या व्हरांड्यात, पोरं ये-जा करत असताना मी तिला सांगितलं. आईला आजवर एवढंच ठाऊक होतं की तुमचं माझ्याशी पटलं नाही. माझंच काहीतरी कमी पडलं असेल असंही तिच्या मनात असावं, तसं ती एकदा बोललीही होती. ती रडली नाही. मध्ये तिनं दोनच प्रश्न विचारले.

"तुझ्यासमूर बसून बोलायचा?"

"समोरच."

"आणि तू त्येच्यासाठी चपात्या लाटत हुतीस?"

"व्हय."

मग तिनं पदराला हात पुसले, हात कोरडेच होते, आणि फोन काढला. मला म्हणाली, "ईनबाईंचा नंबर लावून दे." मी लावून दिला. तिनं स्पीकरवर टाकला, कारण तिला नुसता कानाला लावलेला ऐकू येत नाही.

"ईनबाई, तेजूची परीक्षा झाली. पास झाली पोरगी."

"आई, निकाल लागायचाय," मी म्हटलं.

"लागंल की." मग फोनमध्ये म्हणाली, "क्लास संपला. उद्यापास्नं मला कुणी इचारलं तर मी खोटं बोलणार न्हाय. कवा जाणार म्हणलं तर जाणार न्हाय म्हणणार. का म्हणलं तर का तेबी सांगणार."

तुमच्या आई पलीकडून राजनंदिनीचं, लग्नाचं बोलत होत्या. रडतही होत्या. आईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "तुमच्या लेकीचं लगीन व्हावं, लई चांगलं व्हावं, मी अक्षता टाकायला येते. पर ते माझ्या लेकीला मुकी करून नगं. मोडलंय तुमच्या ल्योकानं. त्या पावण्यांस्नी सांगायचं काम त्येचंच हाय. बोलवा त्येला."

फोन ठेवल्यावर ती बाकावर मागं टेकून बसली. मी तिला पाणी दिलं. आणि त्या बाकावर बसल्या बसल्या मला राग आला, उदयसिंह. एवढा आला की कानात आवाज यायला लागला, दात वाजायला लागले. आई घाबरून विचारत होती, काय होतंय गं. मला तिला सांगता येईना की काही वाईट होत नाहीय.

राजनंदिनीचं लग्न व्हावं असं मलाही मनापासून वाटतं. ते मोडलं तर मला वाईट वाटेल, आणि आता मला परत काहीतरी वाटायला लागलंय. म्हणून तुम्ही या. जयसिंगपूरला राजनंदिनीच्या होणाऱ्या सासरी जा, समोर बसा आणि काय केलं ते तुमच्या तोंडानं सांगा. मी यायला तयार आहे, तुमच्या शेजारी बसेन. पण तुमच्या वतीनं बोलणार नाही आणि गप्पही बसणार नाही.

तेजस्वी